गावचा रस्ता ‘पंचवीस-पंधरा’त मंजूर, मग पैसे अडतात कुठं?

“आपला रस्ता पंचवीस-पंधरातनं मंजूर झालाय”, “ते तीस चोपन्नचं काम आहे” अशी भाषा आता गावच्या पारावरही ऐकू येते. हे आकडे म्हणजे योजनेचं नाव नव्हे, सरकारी हिशोबातली लेखाशीर्षं आहेत. २५१५ म्हणजे ‘इतर ग्रामविकास कार्यक्रम’ आणि ३०५४ म्हणजे ‘रस्ते व पूल’. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर खर्च महसुली, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. म्हणून खड्डे बुजवणं, डागडुजी ही कामं सहसा ३०५४ मध्ये दिसतात, तर नवीन बांधकाम ५०५४ मध्ये.

या आकड्यांत किती रक्कम टाकायची, हे मंत्रालयात वित्त विभागातली अर्थसंकल्प आणि व्यय कार्यासनं तपासतात. भाषण अर्थमंत्री करतात, पण त्यामागची आकडेमोड इथली. प्रत्येक खातं मागताना जास्तच मागतं, हे तिथं बसलेल्यांना पाठ असतं. त्यामुळे आधी मागचा हिशोब बघितला जातो. गेल्या साली दिले किती, त्यातले खर्चले किती, सुरू असलेल्या कामांची बिलं किती थकलीत? या थकीत देण्याला ‘दायित्व’ म्हणतात. ते मोठं असेल तर नव्या कामाच्या वाट्याला थोडंच उरतं.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला की हे काम संपत नाही. एप्रिल ते नोव्हेंबरचा प्रत्यक्ष खर्च धरून ‘आठमाही सुधारित अंदाज’ तयार होतात. जिथं पैसा पडून आहे तिथून तो काढला जातो. जिथं कमी पडतोय तिथं अधिवेशनात पुरवणी मागणी आणावी लागते. काही कामांना सुरुवातीला नुसती ‘टोकन’ म्हणजे नाममात्र तरतूद असते. काम सरकारी पुस्तकात येतं, फलक लागतो, नारळही फुटतो. पण पुढच्या मागणीत रक्कम आली नाही तर ठेकेदार खडी टाकून गायब!

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शासन निर्णयात (जीआर) हे ओळखता येतं. आधी ‘विषय’ वाचायचा. ‘प्रशासकीय मान्यता देणेबाबत’ असं असेल तर कामाला फक्त होकार मिळालाय. ‘निधी वितरित करणेबाबत’ असेल तरच पैसा खाली निघाला. मग शेवटच्या परिच्छेदांकडे जायचं. तिथं खर्च कोणत्या मागणी क्रमांकातून आणि लेखाशीर्षातून भागवायचा ते लिहिलेलं असतं. वित्त विभागाची सहमती घेतली असेल तर ‘अनौपचारिक संदर्भ क्रमांक’ही असतो, आणि त्यात पुष्कळदा ‘व्यय’ कार्यासनाचा उल्लेख सापडतो. जीआर खरा की बनावट अशी शंका आली तर त्यावरचा संगणक सांकेतांक राज्य सरकारच्या संकेतस्थळावर टाकून बघावा.

सरकारी निधीचं वाटप ‘बीम्स’ या ऑनलाइन प्रणालीतून होतं. तिथं तीन रकमा वेगवेगळ्या असतात: तरतूद, वितरित निधी आणि झालेला खर्च. सभेत सांगितला जाणारा आकडा बहुतेक वेळा पहिला असतो. गावाच्या कामाचा तिसरा.

काम जिल्हा परिषदेकडे असेल तर हिशोबाची जबाबदारी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांची, म्हणजे ‘कॅफो’ साहेबांची. हे पद महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतलं आहे आणि या सेवेत एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतूनही जाता येतं. कामाचं नाव आणि लेखाशीर्ष लिहून माहिती अधिकारात अर्ज केला, तर किती निधी आला आणि किती खर्च झाला हे लेखी मिळू शकतं. अर्जात जीआरचा क्रमांक आणि तारीख जरूर टाकावी, नाहीतर “कोणतं काम ते स्पष्ट होत नाही” असं उत्तर यायचं.