हुम्मुस कोणाचा?

अरबीत ‘हुम्मुस’ म्हणजे हरभरा. शिजवलेले काबुली चणे, तिळाचा वाटलेला गोळा (ताहिनी), लिंबू, लसूण व मीठ एकत्र वाटले, की त्याच नावाची चटणी घरीही होते.

मे २०१० मध्ये लेबनॉनने इस्राएलचा विक्रम मोडून १०,४५२ किलो हुम्मुस केला. देशाचे क्षेत्रफळही तितकेच चौरस किलोमीटर! ‘हा पदार्थ आमचा’ असा त्याचा अर्थ.

पण हरभऱ्याचा रानटी पूर्वज आढळतो आग्नेय तुर्कस्तानात. चणे व ताहिनीच्या अशा वाटणाच्या कृती १३व्या-१४व्या शतकांतील अरबी पाकग्रंथांत मिळतात. त्यांत व्हिनेगर आहे. लेबनॉन स्वतंत्र झाला १९४३ मध्ये, इस्राएल स्थापन झाले १९४८ मध्ये. मग सीमांपेक्षा जुन्या पदार्थाला सीमा कशी घालायची? विद्यार्थ्यांना विचारून पाहा.