ओसरी, भोंगा आणि दोन कर्णे

वैनगंगेच्या काठी, तट-खंदकांच्या आश्रयाने वसलेल्या पवनीचा इतिहास सांगू लागले, की लेखणी आपोआप जगन्नाथ टेकडीकडे, १९६९-७० च्या उत्खननात प्रकट झालेल्या स्तूपाकडे आणि कोष्ट्यांच्या रेशीमकाठी वस्त्रांकडे वळते. या गावाचे कान कसे घडले, याची दखल घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

धानाची कापणी आटोपून मंडया भरू लागल्या, की झाडीपट्टीच्या या मुलखात दंडारी आणि नाटके रात्ररात्र चालत. उघड्या मैदानात भिंतच नसल्याने नादाला प्रतिध्वनीचा उपसर्ग नव्हता, आणि गाणारा कोणत्या अंगाला उभा आहे हे डोळे मिटूनही कळे. पुढे ध्वनिक्षेपक आला, रंगमंचावर वरून मायक्रोफोन टांगले गेले, आवाज दूरवर पोहोचला खरा. परंतु डावीकडचा खलपुरुष आणि उजवीकडची नायिका दोघेही एकाच भोंग्याच्या मुखातून बोलू लागली. घरोघरच्या रेडिओचीही तीच तऱ्हा. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली. टपाल कचेरीतून रीतसर परवाना काढून ओसरीच्या फळीवर मांडलेल्या त्या पेटीतून गायक, तबला आणि सारंगी एकाच छिद्रातून पाझरत, आणि त्यात कोणाला काही न्यून वाटत नसे.

ते न्यून ज्याला बोचले तो ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज अभियंता. पडद्यावरचा नट एकीकडे आणि त्याचा आवाज भलतीकडून, या विसंगतीने अस्वस्थ होऊन त्याने द्विकर्णी ध्वनीचा विचार आरंभिला, असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केला. बाजारात स्टिरिओ तबकड्या यायला मात्र १९५८ उजाडले. या तबकडीच्या केसासारख्या खाचेच्या दोन भिंती परस्परांशी काटकोन करतात. एकीत डावा ध्वनी कोरलेला, दुसरीत उजवा, आणि एकच सुई दोन्ही वाचते. या कारागिरीपुढे मी आजही थक्क होतो.

आता दिवाणखान्यात पाच-सहा कर्ण्यांचे होम थिएटर आले आहे. ते चित्रपटासाठी योजलेले; गाणे ऐकताना मधला आणि मागचे कर्णे निमूट बंद ठेवावेत, पुढचे दोन टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, कानाच्या उंचीवर मांडावेत, आणि श्रोत्याने त्या दोघांशी समभुज त्रिकोण साधून बसावे.

खरी अडचण घराचीच. कवेलूचे छप्पर, मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन नाद सौम्य करीत. स्लॅब, गिलावा आणि चकचकीत फरशी तो जसाच्या तसा परत फेकतात. टाळी वाजवून पाहावी, खोली झणझणते. यावर पवनीचे तलम वस्त्र भिंतीला टांगून उपयोग नाही. जाड गोधडी भिंतीपासून चार बोटे सोडून लावली आणि खाली सतरंजी अंथरली, तर तीव्र स्वरांची कर्कशता उतरते. खर्जावर मात्र गोधडीची मात्रा चालत नाही, कारण १०० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तो खोलीच्या कोपऱ्यांत दाटतो, एका जागी घुमतो, दुसऱ्या जागी नाहीसा होतो. तेव्हा नवा वर्धक विकत आणण्याआधी आपली खुर्चीच मागच्या भिंतीपासून हातभर पुढे सरकवून पाहावी, असे माझे मत आहे.