औषध दारात येते, तेव्हा जबाबदारी कोणाच्या दारात असते? (थ्रेड)

१/
२६ मार्च २०२०. देशव्यापी टाळेबंदीचा दुसरा दिवस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राजपत्रात एक छोटी अधिसूचना प्रसिद्ध केली : जी.एस.आर. २२० (ई). परवानाधारक औषध दुकानांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे रुग्णाच्या घरी पोहोचविण्यास तिने काही अटींवर स्पष्ट मुभा दिली.

२/
मेडिकलचा पोऱ्या सायकलवरून औषधाची पिशवी घेऊन येतो, हे दृश्य आपल्याकडे जुनेच आहे. मग त्यासाठी राजपत्र कशाला? कारण आपले औषधविक्रीचे नियम १९४५ साली 'दुकान' डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. दुकान आणि घर यांमधील रस्ता त्यांत नव्हताच. हा रस्ता कायद्यात कसा आला, याचा हा इतिहास.

३/
आपल्या औषध कायद्यांची घडण ब्रिटिश अमदानीत झाली, म्हणून सुरुवात इंग्लंडपासून. तेथे सोमल उंदीर मारण्यासाठी अगदी स्वस्तात मिळे आणि विषप्रयोगांतही तोच वापरला जाई. १८५१ साली पार्लमेंटने सोमलाच्या विक्रीवर कायदा केला. विक्रेता ग्राहकाला ओळखत असला पाहिजे. नसल्यास ओळखीचा साक्षीदार हवा. माल हाती देण्यापूर्वी वहीत नोंद आणि सही हवी.

४/
आज मेडिकलमध्ये दिसणाऱ्या नोंदवहीची पूर्वज ही वही होय. तिच्यामागचे तत्त्व साधे होते : धोक्याची वस्तू अनोळखी हातात जाऊ नये, आणि गेलीच तर कोणी दिली हे नंतर सांगता यावे. १८६८ च्या कायद्याने हेच तत्त्व इतर विषांना लावले व त्यांची विक्री नोंदणीकृत व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. ओळख, नोंद आणि जबाबदार माणूस हे तीन घटक लक्षात ठेवा.

५/
हिंदुस्थानात चित्र वेगळे होते. विषांसाठी कायदा होता (१९०४, नंतर १९१९), पण औषधांची शुद्धता आणि विक्री यांवर देशव्यापी अंकुश नव्हता. १८७७ पासून टपाल खात्याची व्ही.पी. सेवा सुरू झाली : पार्सल आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे. वृत्तपत्रांत जाहिरात करून कोणतेही 'गुणकारी' औषध दूरवरच्या गावी पाठविणे त्यामुळे सोपे झाले. म्हणजे औषध घरपोच येत होते. त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे मात्र ठरलेले नव्हते.

६/
आयात औषधे, क्विनीनमधील भेसळ आणि बनावट माल यांविषयी तक्रारी वाढत गेल्या. ९ मार्च १९२७ रोजी पुण्याचे सर हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव मांडला. औषधांच्या अनिर्बंध वापरास आळा घालावा, त्यांची प्रमाणके ठरवावीत आणि विक्रीबाबत कायदे करावेत, असा त्याचा आशय होता.

७/
त्यानंतर ऑगस्ट १९३० मध्ये सरकारने औषध चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा. १९३१ साली अहवाल आला. साऱ्या देशासाठी एक कायदा हवा, औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात आणि औषध देणारा माणूस शिक्षित व नोंदणीकृत हवा, अशी त्याची दिशा होती.

८/
या अहवालातून पुढे तीन दस्तऐवज आले : १९४० चा औषध अधिनियम, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी अधिनियम. पहिल्या दोहोंनी 'जागा' बांधून घेतली, तिसऱ्याने 'माणूस'. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हा दंडक या शेवटच्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे.

९/
जागेचा विचार किती काटेकोर होता, हे पाहा. किरकोळ विक्रीचा परवाना ठराविक पत्त्यासाठी मिळतो. दुकानाचे किमान क्षेत्रफळ १० चौरस मीटर हवे. परवाना दर्शनी भागी लावावा लागतो. निरीक्षक आला, तर कपाट, शीतपेटी, वही आणि फार्मासिस्ट हे सारे त्याला एकाच छताखाली सापडले पाहिजे.

१०/
पाटीवरील शब्दही कायद्यानेच ठरविले. 'फार्मसी' म्हणजे जेथे औषध तयार करून देण्याचीही सोय आहे ते दुकान. 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' म्हणजे जेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, पण औषध तयार करण्याची सोय नाही. आणि जेथे फार्मासिस्टची आवश्यकता नाही ते 'ड्रगस्टोअर'. पुढच्या वेळी बाजारातून जाताना पाट्या अवश्य वाचा.

११/
आता नियम ६५ कडे वळू. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा हवी. औषध फार्मासिस्टच्या वैयक्तिक देखरेखीखाली दिले जावे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यावे. आणि दिल्यावर त्याच चिठ्ठीवर विक्रेत्याचे नाव, पत्ता व तारीख नोंदवावी.

१२/
शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण सगळी व्यवस्था तिच्यावर उभी होती. चिठ्ठी एकच, कागदाची. तिच्यावर एका दुकानाचा शिक्का पडला की दुसऱ्या दुकानाला तो दिसणार. झोपेच्या गोळ्यांची एक चिठ्ठी घेऊन पाच दुकाने फिरणाऱ्याला अडविण्याचे साधन म्हणजे तो शिक्का. चिठ्ठीच्या छायाचित्रावर असा शिक्का उमटत नाही. एकच छायाचित्र एकाच वेळी दहा ठिकाणी पाठविता येते.

१३/
म्हणूनच सायकलवरच्या पोऱ्यापर्यंत फारशी अडचण आली नाही. चिठ्ठी दुकानात येई, दुकानदार घराला ओळखत असे, आणि काही चुकले तर जाब विचारायला दुकान चार पावलांवर होते. १८५१ च्या कायद्यातील 'ओळख' गल्लीने आपोआप पुरविली होती. इंटरनेटवरील विक्रीने हा धागा तुटला.

१४/
याच काळात कायदा एका बाजूने अधिक कडक होत होता. ऑगस्ट २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-१' अधिसूचित झाले आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाले. काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लागणारी औषधे अशी ४६ औषधे त्यात होती. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती ३ वर्षे जपणे बंधनकारक झाले.

१५/
दुसऱ्या बाजूने, २८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. केंद्रीय नोंदणी ३ वर्षांसाठी, चिठ्ठीची फार्मासिस्टकडून पडताळणी, अमली पदार्थ व शेड्यूल एक्समधील औषधांना मनाई, अशा त्याच्या तरतुदी. महिनाभरातच, २८ सप्टेंबरला, औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने देशव्यापी बंद पाळला.

१६/
प्रकरण न्यायालयांत गेले. १२ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना होणाऱ्या ऑनलाइन औषधविक्रीस अंतरिम मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनीही त्याच महिन्यात बंदी घातली. जानेवारी २०१९ मध्ये खंडपीठाने तिला स्थगिती दिली. मसुदा मात्र पुढील अनेक वर्षे मसुदाच राहिला.

१७/
आणि मग टाळेबंदी. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. डॉक्टर फोनवरून तपासून चिठ्ठीचे छायाचित्र पाठवू शकतील, असे ठरले. चिठ्ठी घरी पोहोचली, आता औषधही पोहोचले पाहिजे. दुसऱ्याच दिवशी अधिनियमाच्या कलम २६-ब खाली आपण सुरुवातीस पाहिलेली अधिसूचना निघाली.

१८/
तिच्या अटी जुन्या नियमांशेजारी ठेवून वाचाव्यात. शेड्यूल एचचे औषध चिठ्ठीवरच मिळेल, पण चिठ्ठी ई-मेलनेही चालेल. तो ई-मेल पत्ता परवाना अधिकाऱ्याकडे नोंदविलेला हवा. जुनाट आजारात चिठ्ठी ३० दिवसांच्या आत, तीव्र आजारात ७ दिवसांच्या आत सादर व्हावी. बिल ई-मेलने परत जावे, नोंदी ठेवाव्यात. शेड्यूल एच-१, शेड्यूल एक्स आणि अमली पदार्थ यांना ही सवलत नाही.

१९/
शिक्क्याची जागा मुदतीने घेतली, वहीची जागा ई-मेलच्या नोंदीने. आणि 'ओळखी'ची जागा? तेथे आली महसुली जिल्ह्याची सीमा : दुकान आणि रुग्ण एकाच जिल्ह्यात हवेत. औषध चुकीचे आले तर दुकान गाठता यावे आणि जाब विचारता यावा, हाच यामागचा विचार दिसतो.

२०/
महाराष्ट्राच्या नकाशावर ही सीमा कशी दिसते? मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन स्वतंत्र महसुली जिल्हे आहेत. माहीम शहरात, वांद्रे उपनगरात. अटीच्या अक्षरार्थाने माहीमच्या दुकानाने खाडीपलीकडच्या वांद्र्यात या सवलतीखाली औषध पाठवू नये. मात्र क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या दुकानातून पार जामखेडपर्यंत ते जाऊ शकते. प्रशासनाची सीमा आणि माणसाची ओळख एकमेकांवर बसत नाहीत, ती अशी.

२१/
अधिसूचनेत आणखी एक जागा मोकळी राहिली. चिठ्ठी, मुदत, बिल यांचा तिने विचार केला. पुडके नेणाऱ्या माणसाचा केला नाही. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वाटेत ते कोणी आणि कसे सांभाळायचे? गोळी जेवणापूर्वी की नंतर, हे दारात कोण सांगणार? २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांना फार्मासिस्टकडून रुग्णाचे समुपदेशनही अपेक्षित आहे. ते संभाषण गल्ल्यावर होत असे.

२२/
यात दोन माणसांचे हित गुंतले आहे. एक, ज्यांना चालवत नाही आणि ज्यांचे रक्तदाबाचे औषध परवा संपणार आहे अशा आजीबाई. दुसरा, आईच्या जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवून झोपेच्या गोळ्या मागविणारा सोळा वर्षांचा मुलगा. नियम सैल केला तर दुसऱ्याला धोका. आवळला तर पहिलीची गैरसोय. १९४५ च्या नियमांपुढे हा पेच या रूपात आलाच नव्हता, कारण दोघांनाही दुकानाची पायरी चढावी लागे.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट दिसते. १८५१ पासून साधने बदलत गेली : वही, परवाना, शिक्का, ई-मेल. प्रश्न मात्र तोच राहिला : हे औषध कोणी, कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून दिले, हे उद्या शोधता येईल का? घरपोच सेवेचा कोणताही नवा नियम याच प्रश्नावर पारखून घ्यावा.

२४/
तोवर आपल्या हाती एक छोटी तपासणी आहे. औषध दारात आले की बिल पाहा. त्यावर दुकानाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का? औषधाची तुकडी व मुदतीची तारीख वेष्टनाशी जुळते का? शंका आली तर त्या दुकानातील फार्मासिस्टला फोन करा आणि विचारा. उत्तर देणे हे त्यांचे कर्तव्य आहे.