विवाह वैध केव्हा ठरतो?

प्रतिनिधी

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, वधू-वरांवर अक्षता पडतात आणि वाजंत्री वाजू लागते. जमलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीने विवाह त्या क्षणी लागलेला असतो. तो कायद्याच्या दृष्टीनेही लागला काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही. बहुतेक संसारांत तो पुढेही कधी विचारला जात नाही. तो उपस्थित होतो तो पतीच्या निधनानंतर निवृत्तिवेतनावर दोन स्त्रिया हक्क सांगतात तेव्हा, सदनिकेवरील वारसाच्या नोंदीस भाऊबंद हरकत घेतात तेव्हा किंवा पोटगीच्या अर्जावर ‘ही माझी पत्नीच नाही’ असे लेखी उत्तर येते तेव्हा. त्या वेळी लग्नातील छायाचित्रांचा संग्रह, शिधापत्रिकेवरील नाव किंवा गळ्यातील मंगळसूत्र यांपैकी एकही गोष्ट स्वतःच्या बळावर पुरी पडत नाही.

न्यायालय अशा वेळी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधते. दोन्ही पक्ष विवाहास पात्र होते काय? विवाह कायद्याला मान्य असलेल्या रीतीने लागला काय? आणि तो लागल्याचा पुरावा काय? या तीन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे अनेकांची, विशेषतः स्त्रियांची, मोठी हानी होते.

कोणता कायदा लागू?

आपल्या देशात विवाहाचा एकच कायदा नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. अनुसूचित जमातींना तो केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नाही. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीनुसार पारखले जातात. ख्रिश्चनांसाठी १८७२ चा आणि पारशांसाठी १९३६ चा स्वतंत्र कायदा आहे. पारशी विवाहात धर्मगुरूने आशीर्वादाचा विधी करणे आणि त्या वेळी धर्मगुरूशिवाय दोन पारशी साक्षीदार हजर असणे आवश्यक असते. मुस्लिम विवाह हा करार मानला जातो. एकाच बैठकीत प्रस्ताव आणि स्वीकृती हा त्याचा गाभा असून सुन्नी पंथात साक्षीदारही लागतात. निकाहनामा हा त्या कराराचा पुरावा असतो. गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेला कौटुंबिक कायदा आजही लागू असून तेथे नागरी निबंधकासमोरील नोंदणीला निर्णायक महत्त्व आहे.

धर्म कोणताही असला तरी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करण्याचा मार्ग सर्वांना खुला आहे.

पात्रतेच्या अटी

हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात पात्रतेच्या अटी दिल्या आहेत. विवाहाच्या वेळी कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा, म्हणजेच पूर्वीचा विवाह कायद्याने अस्तित्वात नसावा. दोघेही संमती देण्याच्या मानसिक स्थितीत असावेत. वराचे वय २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे. दोघांत निषिद्ध नाते किंवा सपिंड संबंध नसावा.

यांतील प्रत्येक अट मोडल्याचा परिणाम मात्र सारखा नाही. पहिला जोडीदार असताना किंवा निषिद्ध नात्यात झालेला विवाह ‘शून्य’, म्हणजे मुळातच रद्दबातल असतो. बळजबरीने किंवा महत्त्वाची बाब लपवून, फसवणुकीने मिळवलेल्या संमतीवर झालेला विवाह ‘शून्यनीय’ असतो. असा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो, पण तोवर तो वैधच राहतो. त्यासाठी बळजबरी संपल्यापासून अथवा फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

वयाची अट मोडल्यास हिंदू विवाह कायद्यानुसार विवाह आपोआप रद्द होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने असा विवाह रद्द करून घेण्याचा अधिकार त्यातील बालवयीन पक्षाला दिला असून सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो वापरता येतो. मुलीची विक्री किंवा अपहरण करून लावलेला बालविवाह मात्र मुळातच रद्दबातल असतो. विशेष विवाह कायद्याखाली तर वयाची अट मोडली तरी विवाह शून्य ठरतो.

नात्याच्या अटीला रूढीचा अपवाद आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे. कायद्याच्या अक्षरानुसार भावाबहिणीची मुले परस्परांना निषिद्ध होत. तरीही हे विवाह टिकतात ते रूढीमुळे. अशी रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली जात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते.

मुद्रांकावरची फारकत

पात्रतेच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती पूर्वीच्या विवाहाविषयी. मुद्रांक कागदावर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून ‘सोडचिठ्ठी’ दिली-घेतली जाते आणि दोन्ही घरे मोकळी झाल्याचे समजतात. हिंदू विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपुष्टात येतो. काडीमोडीची रूढी असलेल्या समाजांना कायद्याने सूट दिली आहे, पण तेथेही ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली नाही तर त्यानंतरचा विवाह, तो कितीही थाटात लागलेला असो, शून्य ठरतो. न्यायालयाचा घटस्फोट मिळाल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबणे कायद्याला अपेक्षित आहे.

धर्मांतर हाही या अटीतून सुटण्याचा मार्ग नाही. पहिली पत्नी असताना इस्लाम स्वीकारून हिंदू पतीने केलेला दुसरा विवाह अवैध असून तो द्विभार्या प्रतिबंधाच्या गुन्ह्यास पात्र ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

विधींना महत्त्व का?

हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी होणे आवश्यक आहे. त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. अक्षता पडण्याच्या क्षणाला समाजात कितीही मान असला तरी कायद्यात त्याचा उल्लेख नाही. कन्यादान हा विवाहाचा अत्यावश्यक विधी नसल्याचे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

विधींवरील या भराचा विपरीत परिणाम महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिसून आला. पहिली पत्नी असताना पतीने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. होमाग्नी आणि सप्तपदी हे विधी झाले नाहीत आणि त्यांना फाटा देणारी रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून तो विवाह कायद्याच्या दृष्टीने ‘लागलाच नाही’ आणि त्यामुळे द्विभार्येचा गुन्हाही घडला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिला. आरोपीची शिक्षा रद्द झाली. या निर्णयानुसार विधी अपुरे ठेवणारा पुरुष शिक्षेतून सुटू शकतो, तर त्याच्यावर विश्वास ठेवणारी दुसरी स्त्री पत्नी ठरत नाही.

सप्तपदी सर्वांनाच लागू नाही, हेही तितकेच खरे. तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहा’स मान्यता दिली आहे. अशा विवाहाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पतीला द्विभार्येबद्दल दोषी धरले. महाराष्ट्रातही महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजापासून पुरोहिताविना विवाहाची परंपरा आहे. बौद्ध विवाह त्रिशरण-पंचशील ग्रहण करून लावले जातात. अग्नी नाही म्हणून विवाह अवैध, असे समीकरण नाही. ती पद्धत त्या समाजात रूढ आहे काय, हा प्रश्न निर्णायक असतो.

विवाह नोंदणी आणि नोंदणी विवाह

या दोन शब्दप्रयोगांतील फरक प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘विवाह नोंदणी’ म्हणजे आधी लागलेल्या विवाहाची सरकारदरबारी नोंद. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ती महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवरील विवाह निबंधकाकडे केली जाते. सर्व राज्यांनी विवाह नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये दिला. तरीही केवळ नोंदणी केली नाही म्हणून विवाह अवैध होत नाही आणि केवळ नोंदणी केली म्हणून तो वैध होत नाही. नोंदणी हा पुरावा आहे.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अत्यंत स्पष्ट शब्दांत सांगितले. एका दाम्पत्याने समारंभ पुढे करण्याचे ठरवून एका संस्थेकडून आधी प्रमाणपत्र मिळवले आणि त्यावर नोंदणी करून घेतली. समारंभ झालाच नाही. विधी न झाल्यामुळे हिंदू विवाह अस्तित्वातच आला नाही, असे सांगून न्यायालयाने ती प्रमाणपत्रे निरर्थक ठरवली. परदेशाच्या व्हिसासाठी किंवा घराच्या अर्जासाठी ‘आधी कागद करून ठेवू’ म्हणणाऱ्यांनी या निर्णयाची नोंद घ्यावी.

‘नोंदणी विवाह’ म्हणजे विशेष विवाह कायद्याखालील विवाह. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ३० दिवसांत वैध हरकत न आल्यास अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघे परस्परांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करतात. येथे तो स्वीकार हाच विधी असतो आणि प्रमाणपत्र हा विवाह लागल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो.

सहवासाचे गृहीतक

पुरोहित हयात नाही, नोंदणी नाही, साक्षीदार सापडत नाहीत, अशा जुन्या विवाहांचे काय? स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले असतील आणि समाजानेही त्यांना तसे मानले असेल तर विवाह झाला असावा, असे न्यायालय गृहीत धरते. वारसाच्या दाव्यांत हे गृहीतक उपयोगी पडते. विरुद्ध पुरावा, उदाहरणार्थ पहिली पत्नी हयात असल्याचा पुरावा, आल्यास ते कोसळते. द्विभार्येच्या फौजदारी खटल्यात तर दुसऱ्या विवाहाचे विधी काटेकोरपणे सिद्धच करावे लागतात.

फसवल्या गेलेल्या स्त्रीचे काय?

महाराष्ट्रातील एका स्त्रीच्या पोटगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कठोर भूमिका घेतली होती. पतीची पहिली पत्नी हयात असल्याने ती कायदेशीर पत्नी नाही. पहिल्या विवाहाची तिला कल्पना नव्हती, या कारणानेही तिला पोटगी मिळाली नाही. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रातीलच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने वेगळा विचार केला. पहिला विवाह लपवणाऱ्या पतीला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, असे सांगून पोटगी मान्य करण्यात आली.

फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयाने आणखी एक पाऊल टाकले. विवाह शून्य ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या २५व्या कलमाखाली कायमस्वरूपी पोटगी मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ती द्यावी की नाही, हे परिस्थिती आणि पक्षकारांचे वर्तन पाहून ठरेल. अशा स्त्रीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयात वापरलेल्या ‘अवैध पत्नी’ या शब्दप्रयोगावरही न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली.

शून्य विवाहातील मुले कायद्याने औरसच असतात. आई-वडिलांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क असतो. हिंदू एकत्र कुटुंबात वाटणी झाली असती तर त्या आई-वडिलांच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यातही तो असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. इतर नातेवाइकांच्या मालमत्तेत मात्र तो पोचत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८२व्या कलमानुसार द्विभार्येस सात वर्षांपर्यंत आणि पहिला विवाह लपवून दुसरा केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. परंतु शिक्षेने गेलेली वर्षे परत येत नाहीत.

लग्नापूर्वी आणि नंतर

वर किंवा वधू घटस्फोटित असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहावी, मुद्रांकावरील करारावर विसंबू नये. विधुर किंवा विधवा असल्यास मृत्यू दाखला पाहावा. वयाचे दाखले तपासावेत. विधी पूर्ण करावेत आणि त्यांचे चित्रण, निमंत्रणपत्रिका तसेच पुरोहित व साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. त्यानंतर विनाविलंब नोंदणी करावी.

विवाह ठरवताना पत्रिका पाहण्यास आणि मानपानाची बोलणी करण्यास आपल्याकडे वेळ काढला जातो. हे चार कागद पाहण्यास त्याहून कमी वेळ लागतो. ते मागण्यात संकोच वाटू नये आणि ते दाखवण्यात अपमानही मानू नये.