चार वाफे, चार दारे

पाटाच्या पाण्यावर ज्याने मळा भिजवला आहे, त्याला दारे धरणे म्हणजे काय हे सांगायला नको. पाट एक, पण वाफ्यागणिक दार निराळे. फावड्याने दार फोडले की पाणी लगेच रोपाशी. समजा, हे दार वाफ्याशी नसून पार विहिरीजवळ असते, तर? दार उघडल्यावर आधी सारा पाट भरणार, मग पाणी पिकाला लागणार. दार मिटले तरी पाटातले पाणी काही वेळ वाफ्यात शिरतच राहणार. मोटारीच्या इंजिनातही असेच एक दार असते. त्याचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

मोटार हाकताना पायाखालची पट्टी दाबली की आपण पेट्रोल ओततो, असा पुष्कळांचा समज असतो. पेट्रोलच्या इंजिनात आपण खरे तर हवेचे दार उघडत असतो. हवेच्या नळीत एक गोल चकती आडवी बसवलेली असते. ती फिरली की वाट मोकळी होते, आणि आत गेलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल मिळते. या दाराला थ्रॉटल म्हणतात. आपल्या शेतावरच्या डिझेल इंजिनाची तऱ्हा उलटी. तिथे हवा मोकळी असते आणि तेल मोजून सोडावे लागते.

पेट्रोल हवेत कालवायची युक्ती सहजी सापडली नाही. आरंभीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळत. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने, आणि त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, बारीक तोटीतून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर पुढे आणला. त्यामागचे तत्त्व मात्र जुने. नळी अरुंद झाली की तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंतुरी याने १७९७ मध्येच मांडले होते. उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल तोटीतून आपोआप वर ओढले जाते.

साध्या गाडीला एक कार्ब्युरेटर आणि एक दार पुरे. शर्यतवाल्यांना ते पुरेना. दारापासून सिलिंडरापर्यंत लांब, फाटे फुटलेली नळी असली की पाय दाबला आणि इंजिन जागे झाले यांत अंतर पडते. शिवाय चार सिलिंडर एकाच नळीतून आळीपाळीने हवा ओढतात, म्हणून एकाची ओढ दुसऱ्याला बाधते. तेव्हा प्रत्येक सिलिंडराला स्वतःचे दार द्यायचे ठरले. इटलीत बोलोन्या शहरी एदुआर्दो वेबर याने १९२३ साली कारखाना काढला होता. त्याच्या नावाचे दोन नळ्यांचे कार्ब्युरेटर या कामी गाजले. १९६२ च्या फेरारी २५० जीटीओ या गाडीत बारा सिलिंडर होते आणि त्यांवर असे सहा वेबर, म्हणजे नेमकी बारा दारे.

पुढे पेट्रोल पंपाच्या दाबाने पिचकारीसारखे सोडण्याची रीत आली. दाराचे काम हवेपुरते उरले, तरी दारांची संख्या शौकिनांनी सोडली नाही. बीएमडब्ल्यूच्या १९७८ च्या एम-१ ला सहा, १९८६ च्या एम-३ ला चार, निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरला सहा दारे होती. टोयोटाने १९९१ मध्ये सोळाशे सीसीच्या छोट्या इंजिनालाही चार दारे दिली.

आता या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्लंड, अमेरिका, जपान येथील हौशी मंडळींनी हे काम घरच्या छपरीत करून पाहिले. महागडा संच परवडत नव्हता. पण मोटारसायकलींत पिचकारीची रीत आल्यावर भंगारात चार दारांचे तयार जोड मिळू लागले. सुझुकीच्या जीएसएक्स-आर ७५० ला १९९८ मध्ये ती रीत आली होती. अडचण एवढीच, की मोटारसायकलीच्या सिलिंडरांतले अंतर मोटारीशी जुळत नाही. म्हणून ते जोड कापायचे, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटीवर नळ्या जोडून नवा सांधा करायचा, आणि चारही दारे एका दांड्याने बांधायची. पेट्रोल मोजणारा मेंदूही घरी जुळवता आला. २००१ च्या सुमारास बाऊलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचे यंत्र हौशींना स्वतः डाक देऊन बनवता येईल असे उपलब्ध केले.

याने गाडीची ताकद किती वाढते, असे तुम्ही विचाराल. उत्तर थोडे निराशेचे आहे. दार पूर्ण उघडे असताना एक मोठे दारही पुरेशी हवा देते. साध्या गाडीला निव्वळ चार दारांनी फारसे बळ येत नाही. जे येते ते सरळ, योग्य लांबीच्या नळ्यांचे आणि बदललेल्या कॅमचे. नळी लांब तर मंद गतीला जोर, आखूड तर वेगात जोर. चार दारांचा खरा लाभ एकच: पायाचा इशारा होताच इंजिन हुंकार देते.

आणि जोखीम? ती मोठी आहे. ब्रेक दाबताना पायाला साहाय्य करणारा डबा इंजिनाच्या नळीतल्या ओढीवर चालतो. दारे वेगळी झाली की ती ओढ धक्क्याधक्क्याने येते. चारही नळ्यांतून बारीक वाहिन्या काढून त्या एका डब्यात आणल्या नाहीत, मध्ये एकेरी झडप बसवली नाही, तर ऐन वेळी ब्रेक दगडासारखा लागतो. दार मिटवणारी स्प्रिंग तुटली किंवा दांडा अडकला, तर पाय काढूनही गाडी धावत राहते. म्हणून जाणते लोक दोन स्प्रिंगा लावतात. चारही दारे केसभरही मागेपुढे न राहता उघडावी लागतात. उघड्या नळ्यांवर हवेची गाळणी नसली, तर रस्त्याची धूळ सिलिंडर खाऊन टाकते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदलेल्या गाडीत मूळ तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि धुराचे नियमही कडक आहेत. तेव्हा उद्याच हातात करवत घ्या, असे माझे सांगणे नाही.

परंतु शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातला एखादा पोरगा गॅरेजात रमत असेल, तर त्याला रागावण्याआधी एक करा. जुना कार्ब्युरेटर टेबलावर ठेवा, तो त्याच्या हातून खोलवा, आणि अरुंद नळीत दाब का उतरतो ते तिथेच समजावून द्या. ब्रेकच्या डब्याची गोष्टही न विसरता सांगा. घरच्या छपरीत ज्यांनी चार दारे नीट बसवली, त्यांनी करवतीआधी हेच शिकून घेतले होते.