अमेरिकेतली लांब पल्ल्याची रेल्वे : झोपायला जागा कशी मिळवाल?



भारतातून आई-बाबा आले की अमेरिका दाखवण्याचे बेत सुरू होतात, आणि 'एकदा रेल्वेने जाऊ या' असे बरेचदा तेच सुचवतात. पण रात्रीची गाडी म्हणजे बर्थ असणारच, ही आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. म्हणून आम्ही शिकागो ते एमरीव्हिल (सॅन फ्रान्सिस्कोजवळ) धावणाऱ्या 'कॅलिफोर्निया झेफर' या गाडीचे उदाहरण घेऊन ही माहिती एकत्र केली आहे.

कोच म्हणजे खुर्ची

ॲमट्रॅकच्या कोचच्या तिकिटात फक्त खुर्ची मिळते. ती विमानातल्यापेक्षा ऐसपैस असते, मागे रेलते, पाय ठेवायलाही आधार असतो. पण आडवे होता येत नाही. प्रवास २,४३८ मैलांचा, म्हणजे दोन रात्रींचा आणि ५० तासांहून अधिक. गुडघे दुखणाऱ्या किंवा पाय सुजणाऱ्या माणसाला इतका वेळ बसवून नेण्याआधी जरूर विचार करावा.

खोल्यांचे प्रकार

पश्चिमेकडच्या गाड्यांना 'सुपरलायनर' हे दुमजली डबे असतात. त्यांच्या नेहमीच्या स्लीपर डब्यात या खोल्या असतात:

- रूमेट (१४) : दोघांसाठी, साधारण साडेतीन फूट × साडेसहा फूट. दिवसा समोरासमोर खुर्च्या, रात्री खाली-वर बर्थ. संडास सामायिक.
- बेडरूम (५) : वरच्या मजल्यावर, साधारण साडेसहा × साडेसात फूट. आतच संडास व शॉवर.
- फॅमिली बेडरूम (१) : खालच्या मजल्यावर, दोन मोठे व दोन मुलांसाठी. संडास बाहेर.
- अपंगांसाठीची खोली (१) : खालच्या मजल्यावर, आत संडास.

म्हणजे पूर्ण भरला तरी एका डब्यात ४४ माणसे. आपल्याकडच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. शिवाय गाडीला असे डबे मोजकेच जोडतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत खोल्या लवकर संपतात.

आरक्षण

तिकिटे साधारण ११ महिने आधी मिळू लागतात. खोल्या भरत जातात तसा दर चढतो, म्हणून व्हिसा आणि विमानाचे नक्की झाले की लगेच पाहावे. आरएसीची सोय इथे नाही. दर खोलीमागे असतो. दुसऱ्या माणसाचे साधे भाडे तेवढे वाढते, त्यामुळे जोडप्याला खोली त्यातल्या त्यात परवडते. या गाडीत खोलीच्या दरात डायनिंग कारमधले जेवणही येते. शाकाहारी पदार्थांना फारसा पर्याय नसतो, तेव्हा ठेपले आणि चिवडा बरोबर असलेले बरे.

ज्येष्ठांसाठी

रूमेट घेताना खालच्या मजल्यावरची मागावी. डब्यातले बहुतेक संडास आणि शॉवर तिथेच असतात, रात्री जिना चढावा लागत नाही. एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट मात्र वरूनच आहे. डायनिंग कारपर्यंत जाणे जमत नसेल तर अटेंडंटला सांगावे, तो जेवण खोलीत आणून देतो. रूमेटमधला वरचा बर्थ जेमतेम दोन फूट रुंद असतो. दोघांनाही चढणे अवघड असेल तर दोन रूमेट घ्याव्या लागतील, तो खर्च आधीच धरावा.

उशीर

बहुतेक रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, त्यामुळे गाडीला कित्येक तास उशीर होऊ शकतो. उतरण्याच्या दिवशीचे विमान कधीही घेऊ नये. भारतात परतण्याच्या आदल्या दिवशी तर हा प्रवास ठेवूच नये.

पश्चिमेकडे जाताना गाडी शिकागोहून दुपारी निघते, त्यामुळे रॉकी पर्वत दुसऱ्या दिवशी आणि सिएरा नेवाडा तिसऱ्या दिवशी उजेडात दिसतात. रात्री पाठ टेकायला मिळाली असेल तर आई-बाबांना ते नीट पाहता येईल.

शुभ प्रवास!