तिवईचा ताळेबंद

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण ज्याने काढली, त्याने फोटो मात्र कधी काढला नसावा. चार पायांचे कौतुक मला सांगू नका. आमच्या बँकेत असे एकही टेबल नाही, ज्याच्या एका पायाखाली कागदाची घडी नाही. उलट चुलीचे तीन दगड पाहा, किंवा खळ्यात उपणायला वर उभे राहतात ती तिवई पाहा. जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय एकाच वेळी टेकतात. आमच्या देवगाव रंगारीच्या अंगणात चौरंग डुगडुगतो, तिवई नाही.

तेव्हा कॅमेऱ्यासाठी तिवई घ्यायचे ठरले (दुकानात हिला ट्रायपॉड म्हणतात, म्हणजे किंमत वाढते), आणि कारकुनी सवयीने मी आधी जुनी खाती उघडली. पहिलेच खाते आमच्या जिल्ह्यातले निघाले.

रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. कंपनी सरकारने 1844 साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमले. गडी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून तैलरंगात भल्यामोठ्या नकला करीत राहिला. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि डिसेंबर 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. आयुष्याची ठेव एका रात्रीत बुडीत खाती! पण मधल्या काळात गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक, जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह, 1864 मध्येच निघाले होते. ते राहिले. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्या काळचा फोटो म्हणजे काय थट्टा होती? काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, भिंगाचे झाकण काढून आकडे मोजायचे आणि काच वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत पळायचे. लेण्यातल्या अपुऱ्या उजेडात कॅमेरा तेवढा वेळ हातात धरायला मारुतीच हवा. म्हणजे जे उरले, ते तीन पायांच्या जिवावर उरले.

यावरून मी एक कलम लिहून ठेवले: कॅमेरा दर पाच वर्षांनी म्हातारा होतो, चांगली तिवई होत नाही. म्हणून पायांत काटकसर नको. कॅमेरा आणि भिंग यांच्या दुप्पट वजन तिने पेलावे. मधली दांडी वर न काढता ती हनुवटीपर्यंत यावी, कारण ती दांडी वर काढली की तिवईची एकदांडी होते आणि वाऱ्यावर डुलते. पाय पूर्ण लांबवून वरून दाबून पाहावे; सरकले तर दुकानदाराला नमस्कार करावा. पाय फाकून जमिनीलगत बसावेत, डोके सुटे असावे आणि मोबाईलचा चिमटाही त्यावर बसावा. सर्वांत हलकी ती वाऱ्याची आणि सर्वांत भारी ती घरात राहण्याची, मधली घ्यावी.

गंमत पाहा. गिलला तिवईवाचून लेण्यांचा फोटो काढता येत नव्हता. आज तिथे तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हे कळताच सौ. म्हणाली, “मग या तीन काठ्यांना एवढे पैसे कशाला?”

मी कपाटातला अल्बम काढला. मुंज, बारसे, दोन लग्ने, शिर्डीची सहल. सगळे होते, फक्त मी नव्हतो. काढणारा नेहमी चौकटीबाहेर. तिवईवर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांची कळ दाबली की मी धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहू शकतो.

तिने अल्बम पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग म्हणाली, “चांगलीच घ्या. पण धावताना धोतरात पाय अडकवून घेऊ नका.”